चार लुगड्यांचा ताणा

पाजणीले माणसं आली नाही, तवा मले कळलं का गल्लीनं आमचं घर सोडलं.

पाजणी एकट्या घराचं काम नाही. ताण्याचे धागे रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणाचे, खाली बांबूच्या कैच्या लावाच्या, तांदळाची पातळ पेज वरून फासाची आन दोहीकडून कुंचे मारत मारत सुकवाची. धागा धाग्याले चिकटला नाही पायजे. ऊन चढाच्या आत सारं आटपलं पायजे. सात-आठ माणसं तं लागतेच. उमरेडच्या आमच्या कोष्टीपुऱ्यात पाजणीले कोणी कोणाले बोलवत नाही. कुंच्याचा आवाज आला का ज्याचा तो आपला कुंचा घेऊन येते. आज तुह्याकडे, उद्या माह्याकडे.

त्या दिवशी आम्ही तिघंच होतो. बा, माय आन मी. कुंच्याचा आवाज साऱ्या गल्लीत गेला. समोरचा धोंडबाकाका ओसरीवर बसून राखुंडीनं दात घासून राहिला होता. घासतच राहिला. एवढे दात त्याच्या तोंडात हायत नाही.

ऊन चढलं. मधातले धागे चिकटू लागले. बा या टोकाहून त्या टोकाले पळे, दोन कुंचे मारे, वाकून खोके. एकदा खोकला तं धाग्यावर लाल पडलं. त्यानं अंगठ्यानं पुसलं, आन इकडंतिकडं पाहिलं. मायनं नाही पाहिलं. म्या पाहिलं.

मी धोंडबाकाकाच्या ओसरीपुढं जाऊन उभी राहिली. म्हटलं, "काका, तुह्या कुंच्याले लकवा मारला का?"

तो चिडला नाही. चिडला असता तं बरं झालं असतं. चूळ भरली आन म्हणे, "फुले, माह्या घरी नातवं हायत. टीबीवाल्याच्या पेजीत हात कसा घालू वं?"

तो ताणा वाया गेला.

दीड वर्षापासून हेच चालू होतं. सरकारी दवाखान्यात बाले टीबीच्या सुया टोचून राहिले होते. कमरेवर टोचाले जागा नव्हती उरली. त्याचा जर्मनचा गिलास वेगळा, ताट वेगळं, दोन्ही खिडकीत पालथं. थुंकाले राखेचा डबा. मायनं हे सारं दवाखान्यातून शिकून केलं, आन करताना बाच्या तोंडाकडं नाही पाहे. शाळेत मास्तरनं मले दाराजवळ एकटीले बसवलं. आठ दिवस बसली. नवव्या दिवशी पुस्तकं त्याच्या टेबलावर आपटली आन घरी आली. आठवी तेथीच संपली.

त्या पाजणीनंतर कंपाउंडरच मले म्हणे का सुया लागू पडत असत्या तं आतापर्यंत पडल्या असत्या, याईले नागपूरले ने.

पोळा होऊन चार दिवस झाले होते. एसटीत बा खोकला तशी बाजूच्या बाईनं लेकराच्या तोंडावर पदर घेतला. कंडक्टरनं आमाले मागच्या खिडकीजवळ बसाले सांगितलं. म्या तोंड उघडलं होतं, पण बानं माह्या हातावर हात ठेवला. त्याचा हात धोट्यासारखा गुळगुळीत हाय, चाळीस वर्षं मागावर धोटा फेकून. मी त्याच्यासंगं मागं जाऊन बसली.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. मग घशातून नळी घालून आतला तुकडा काढला. तुकड्याचा कागद यायले आठ दिवस लागते म्हणे. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. माय आन बा बाहेर कडुनिंबाखाली बसले होते, म्हणून नाव पुकारलं तवा मीच आत गेली.

डॉक्टरीणबाई चष्म्यातून माह्यामागं पाहू लागली. "सोबत मोठं कोण आहे?"

"मीच हाय मोठी," म्हटलं. "आन लपवून नका सांगू."

तिनं मले बसाले खुर्ची दिली. दवाखान्यात मले पहिल्यांदाच कोणी खुर्ची दिली. फोटो उजेडापुढं धरला आन पेन्सिलीनं दाखवलं का हे काळं दिसते ते फुप्फुस, त्यात हवा हाय. आन मधात हे पांढरं, लिंबाएवढं, ती गाठ. टीबी नाही. टीबी कधी नव्हताच. बिडी ओढतात का म्हणून विचारलं. म्या सांगितलं का आता सोडली, आधी दिवसाले दोन कट्टे लागत.

म्या म्हटलं, मंग कापून काढा.

तवा ती समजावून सांगत बसली. गाठ श्वासाच्या मोठ्या नळीले चिकटून बसली हाय. कापाले गेलं तं माणूस टेबलावरच जाईल. वर्षभर आधी आले असते तरी वाचले असते का, थे सांगता नसतं आलं. त्याच्यावर विजेच्या यंत्राचा शेक देतात, वीस शेक, शनिवार-रविवार सोडून रोज एक. त्यानं रक्त थांबेल, खोकला कमी होईल, रात्री आडवं झोपता येईल.

"आन गाठ?"

"लहान होईल. जाणार नाही."

"मंग किती दिवस?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "सहा महिने धर. वर्ष निघालं तर खूप. कुणाला कमी मिळतं, कुणाला जास्त. पण ते दिवस त्यांना श्वास घेत काढता येतील, एवढं मी करू शकते. हे खोटं सांगत नाही."

मले तिचा राग आला आन आला नाही. कागद घेऊन मी बाहेर आली. माय उभी राहिली. बा बसूनच होता. म्या म्हटलं, "टीबी नाही म्हणते."

पुढचं सांगाले तोंड उघडलंच होतं. पण मायनं खाली वाकून थैलीतला बाचा वेगळा गिलास काढला, सुरईतलं पाणी त्यात वतलं आन घटाघटा स्वतः पेली. दीड वर्षानं. उरलेलं बाले देलं. तिच्या हनवटीवरून पाणी गळून राहिलं होतं आन ती हासून राहिली होती. माह्या तोंडातलं तोंडातच राहिलं.

शेकासाठी आम्ही दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहिलो, मी आन बा. माय उमरेडले सुताचा रहाट चालवे. आम्ही शनिवारी घरी जाऊ आन सोमवारी सकाळच्या गाडीनं परत.

शेकाच्या खोलीतला ओमप्रकाश नावाचा माणूस काडीले कापूस लावून, जांभळ्या शाईत बुडवून बाच्या छातीवर रेघा काढे. एक चौकोन पुढं, एक पाठीवर. म्हणे, "बाबाजी, नहाना नहीं. लकीर मिटी तो डाक्टर मेरी चमड़ी निकालेगा." बानं मान खाली घालून चौकोन पाहिला. रेघ सरळ हाय का नाही थे पाहून राहिला होता. म्हणे, "हात चांगला हाय गा तुहा. काठ काढाले आला असता."

बाकड्यावर तसेच चौकोनवाले चार-पाच बसले राहत. त्यात खाप्याचा रामाजी होता. कन्हानच्या रेतीत टरबुजाच्या वाड्या लावे. तो बंडीची गुंडी सोडून आपला चौकोन दाखवे आन म्हणे, "कवडू गा, आपल्या छातीची मोजणी झाली. चारी धुरे आखले. आता फक्त तलाठी याचा राहिला." बा हासे. हासता हासता खोके. रामाजीचे शेक मागच्या हिवाळ्यातच झाले होते. तो दुसऱ्यांदा आला होता. आता मणक्यावर शेक घेऊन राहिला होता. मले वाटे का हे बाले समजलं नाही पायजे, म्हणून मी दोघाईच्या मधात बसे. बा उठून दुसऱ्या बाजूनं त्याच्याजवळ जाऊन बसे.

जाड दरवाजा लागे, बा आत एकटा. मी बाहेर शंभर मोजे. शंभराच्या आत तो बाहेर येई. म्या विचारलं, जळते का. म्हणे, काईच नाही वं, पाखराची सावली अंगावरून जाते तेवढंही नाही.

दुसऱ्या हप्त्यात घसा सोलला. भाकर गिळता येईना, पाणीही टोचे. मी धर्मशाळेच्या चुलीवर तांदळाची पेज करे आन थंड करून चमच्यानं देई. बा म्हणे, "पाजणी करून राहिली माही. कुंचा तेवढा फिरवू नको." पण रक्त थांबलं. दहाव्या शेकाच्या रात्री बा आडवा झोपला. दीड वर्ष भिंतीले टेकून झोपणारा माणूस. मी उठून उठून पाहे, छाती हालते का म्हणून.

त्या शनिवारी आम्ही उमरेडले उतरलो तं गल्ली बदलली होती. मायनं घरोघरी गूळ वाटला होता. टीबी नाही, टीबी नाही म्हणून. आन लोकाईनं खाल्ला होता. पोरं आमच्या ओसरीवर खेळून राहिली होती. धोंडबाकाका आला, बाजेवर बाच्या मांडीले मांडी लावून बसला आन बाच्याच कपातला अर्धा चहा बशीत वतून पेला. मान खाली घालून म्हणे, "आमचं चुकलं गा कवडू. उद्या पाजणी काढू. सारी गल्ली येते." बानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

माह्या अंगाची आग झाली. म्या मायले मोरीजवळ गाठलं. म्हटलं, गूळ काहून वाटला, कोणाले विचारून वाटला? ती माह्याकडं अशी पाहू लागली का जशी म्या तिच्या हातातून ताट हिसकलं. म्हणे, "दीड वर्ष मान खाली घालून पाणी भरलं वं मी. एक दिवस वर केली तं तुह्या पोटात काहून दुखते?" मग तिनं हंड्यात पाणी तापवाले ठेवलं, बाचं अंग घासून देतो म्हणे, केवढी ती जांभळी घाण. मी हंडा उतरवून ठेवला. रेघा पुसल्या तं शेक बंद होईल, एवढंच सांगितलं. ती म्हणे, आता बरे झाले ना, मंग शेक कायले पायजे? घसा जाळून टाकला मेल्याईनं.

मी बाहेर गेली. नाही तं सारं बोलून टाकलं असतं.

दुपारी अंगणात खुंट्या ठोकल्या. उद्याच्या पाजणीसाठी ताणा काढाचा होता. माय हातात सुताचा फाळका धरून खुंट्याखुंट्यातून चालू लागली, धागा मागं सुटत चालला. धोंडबाकाका शेवटची खुंटी रोवाले निंगाला. आमच्या मागावर नेहमी चार लुगड्यांचा ताणा चढते, तेवढं अंतर त्याले पाठ होतं.

बा बाजेवरून म्हणे, "धोंडबा, खुंटी अलीकडं घे. दोनाचाच काढू."

मायचे पाय थांबले.

आमच्यात माणूस मेला आन त्याचा ताणा मागावर अर्धा राहिला, तं त्यावर दुसरं कोणी बसत नाही. कापते आन त्याच्याच अंगावर घालते. म्हणून म्हातारे कोष्टी शेवटी शेवटी आखूड ताणा काढते, सूत वाया नाही गेलं पायजे म्हणून. तोंडानं कोणी काई सांगत नाही. ताण्याच्या लांबीवरून गल्लीले समजते. धोंडबाकाकाच्या बापानं एकाच लुगड्याचा काढला होता, आन तेवढा विणून गेला.

धोंडबाकाका खुंटी हातात धरून उभाच राहिला. ओसरीवरच्या पोराईचा आवाज येत होता. मायनं माह्याकडं पाहिलं. बाच्याकडं नाही, माह्याकडं. म्या नजर चोरली नाही. तिच्या हातातला फाळका आपोआप फिरून राहिला होता आन धागा जमिनीवर पडून राहिला होता. ती खाली बसली. गुंता झाला होता, तो सोडवू लागली. एकही धागा तोडला नाही.

मी बाजेजवळ गेली. "तुले कोणी सांगितलं?"

"रामाजीनं सांगितलं थोडं," बा म्हणे. "थोडं तुह्या तोंडावर होतं. तुले लपवता नाही येत वं फुले, लहानपणापासून."

"मंग मले काहून नाही बोलला?"

"तू माह्यासाठी चूप बसली. तुले पहिल्यांदाच चूप बसलेली पाहिलं. म्हटलं, बसू द्यावं."

मले रडू नाही आलं. राग आला. रामाजीचा, डॉक्टरणीचा, त्या खुंटीचा. म्हटलं, "दोनाचा नाही. चाराचा काढ. तुह्यानं होते तेवढा तू विण. बाकीचा मी विणीन."

धोंडबाकाका म्हणे, "पोरी, बाई कधी मागाच्या खड्ड्यात पाय सोडते का?" आमच्यात बाया रहाट चालवते, धोट्यातल्या कांड्या भरते, पेज शिजवते. मागावर बसत नाही. बसली तं माग आंधळा होते म्हणते.

"काका, दीड वर्ष तू माह्या बाले टीबी हाय म्हटलं," म्या म्हटलं. "तेही खोटंच निंगालं."

बानं बराच वेळ आपल्या छातीवरच्या चौकोनावर बोट फिरवलं, रेघेले न लावता, वरूनच. मग म्हणे, "चाराचा काढ गा धोंडबा. पोट्टी म्हणते."

दुसऱ्या दिवशी पाजणीले बारा माणसं आली. बाले पेजीचे शिंतोडे उडून रेघा पुसू नाही म्हणून आम्ही धोतराचं पान गुंडाळून ओसरीवर बसवलं. तो तेथूनच ओरडत होता, मधात सुकून राहिलं, डावीकडं कुंचा दाबा. मायनं पेज एवढी छान शिजवली होती का एकही धागा चिकटला नाही. गूळ तिनं कोणाकडून परत मागितला नाही, आन खरं काय तेही कोणाले सांगितलं नाही. जे समजाचं ते खुंटीपाशी समजलं होतं.

वीस शेक पूर्ण झाले. शेवटच्या दिवशी ओमप्रकाशनं बाले म्हटलं, अब नहा लेना बाबाजी. रामाजी त्या हप्त्यात बाकड्यावर नव्हता. बानं त्याची जागा पाहिली आन कोणाले विचारलं नाही. डॉक्टरीणबाईनं खोकल्याचं औषध देलं, दुखलं तं घ्यायच्या गोळ्या देल्या, महिन्यानं दाखवाले सांगितलं. घरी आल्यावर मायनं हंडाभर गरम पाणी काढलं. जांभळं पाणी मोरीतून वाहत गेलं. चौकोनाच्या जागी कातडी काळी पडली होती, तवा लागल्यासारखी.

बा मागावर बसला. आधी दिवसाले वीतभर, मग हातभर. थकला का मागं टेकून राहे. मी बाजूले बसून पाहे. बा म्हणे, पाहून नाही येत, पाय सोड. मी खड्ड्यात पाय सोडले. पावडीवर माहा पाय, माह्या पायावर त्याचा पाय. धोटा फेकाचा नाही म्हणे, सोडाचा. म्या फेकला, तो भिंतीवर जाऊन आदळला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा म्या शिवी हासडली. बा म्हणे, "धोट्याले राग कळत नाही वं. त्याले रस्ताच पायजे." दोन-तीन वेळा वाटलं का सोडून उठावं. दोनदा उठलीही. बा आपला विणत बसे, आन मी पाणी पिऊन परत येई.

डॉक्टरीणबाईनं सहा महिने म्हटलं होतं. बानं दोन लुगड्यांचं म्हटलं होतं. दिवाळी झाल्यावर पहिलं उतरलं, संक्रांतीले दुसरं. दुसरं उतरलं त्या दिवशी तो सारा दिवस मागाकडं पाहत बसला, जसा जेवून उठलेला पाहुणा, घरधनी आणखी वाढाले लागला का ताटाकडं पाहते तसा. दुसऱ्या दिवशी तिसरं सुरू केलं. तवा आवाज बसला होता, गळ्याजवळ गाठ दिसे, हात आखडे. गोळ्यानं दुखणं दबून राहे. एखाद्या दिवशी चार बोटं विणलं तरी माय त्यावरून हात फिरवे आन म्हणे, झालं आज. तो म्हणे, झालं.

होळीच्या आठ दिवस आधी, भर दुपारी, तो मागावरच मागं टेकला. म्या म्हटलं, पाणी देऊ? तो म्हणे, दे. मी पाणी आणलं तं त्यानं घेतलं नाही. धोटा मांडीवर होता.

सांगाचं तेवढंच हाय. बाकीचं साऱ्याईच्या घरी होते तसंच झालं. बायाईनं अंगणात टाहो फोडला, पोरं बांबू आणाले गेली. धोंडबाकाका घरात आला. त्याच्या हातात कातर होती. ती आणणं त्याचंच काम, गल्लीत वडील तोच. ताणा कापून बाच्या अंगावर घालाचा होता.

मी मागापाशी उभी राहिली. धोंडबाकाका म्हणे, "फुले, बाजूले हो. रीत हाय." मागं दारात माणसं जमली.

म्या मायकडं पाहिलं. ती बाच्या डोक्याशी बसली होती. तिनं पदर सावरला. मोठ्यानं नाही, पण साऱ्याईले आयकू जाईल असं म्हणे, "त्याईनं चाराचा काढाले लावला होता. तुमच्याच हातानं खुंटी रोवली भाऊ तुमी. बसू द्या तिले."

मी बसली. खड्ड्यात पाय सोडले. खड्ड्यातली माती अजून बाच्या पायाची ऊब धरून होती का मलेच तसं वाटलं, मले माहीत नाही. त्यानं मारलेला शेवटचा धागा फणीजवळ सरळ पडला होता. म्या पावडी दाबली. ताणा उघडला. धोटा सोडला.

हात ओला होता. धोटा अर्ध्यातूनच उडाला आन घरंगळत धोंडबाकाकाच्या पायापाशी जाऊन पडला.

धोंडबाकाका वाकला. कातर त्यानं काखेत धरली. धोटा उचलला, त्यावरची माती धोतराले पुसली, कांडीचा सुटलेला धागा गुंडाळला आन माह्या हातात देला.

"घाम पूस आधी हाताचा," म्हणे.